चौथं शील आणि उजवा घोटा

हे लिहिते आहे ते ज्यांचा पाय सध्या दोन उशांवर ठेवलेला आहे आणि ज्यांना येणारा-जाणारा प्रत्येक जण "आता कसं वाटतंय?" असं विचारतो आहे, त्यांच्यासाठी. हाडांतलं मला काही कळत नाही. मी एकतीस वर्षं महापालिकेच्या शाळेत भूगोल शिकवला. पण घोटा मोडल्यावर काय करू नये, यावर मात्र मी अधिकारवाणीने बोलू शकते, कारण ते सगळं मी केलेलं आहे.

कोबी

एकतीस वर्षं मुलांना महासागर शिकवले आणि स्वतः पाहिला तो अलिबागचा समुद्र. म्हणून मी निवृत्त झाले आणि पाठोपाठ माझा नवरा सुधाकर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाला, तेव्हा आम्ही ठरवलं की दीड वर्ष परदेशात राहायचं. दहा दिवसांत सात देश असं नाही. एका गावात एक महिना. खोली घ्यायची, मंडईत जातो तसं तिथल्या बाजारात जायचं आणि आपला वरणभात आपण लावायचा. विश्रांतवाडीचा फ्लॅट हिंजवडीला नोकरी करणाऱ्या एका जोडप्याला भाड्याने दिला, एक लिटरचा कुकर बॅगेत घातला आणि निघालो. त्या कुकरपायी तीन विमानतळांवर बॅग उघडून दाखवावी लागली.

माझे आई-अण्णा येरवड्याला माझ्या धाकट्या भावाजवळ, मिलिंदजवळ, राहत. अण्णा शहाऐंशी वर्षांचे, टपाल खात्यात नोकरी झालेली, प्रकृतीने काटक. दर रविवारी आमचा व्हिडिओ कॉल व्हायचा. अण्णा फोन असा धरायचे की आम्हाला त्यांचं कपाळ आणि वरचा पंखा एवढंच दिसायचं. प्रश्न ठरलेले दोन. पाणी उकळून पिता ना? आणि, तिथे तांदूळ कसला मिळतो?

आठव्या महिन्यात आम्ही पोर्तुगालमध्ये पोर्तोला होतो. ते गाव सगळं चढउताराचं, गल्ल्यांना दगडी पायऱ्या. एका शनिवारी बाजारातून येताना मी खालच्या नदीकडे बघत पायरी उतरले, आणि पायरी तिथे नव्हती. हातातला कोबी घरंगळत पार खाली गेला. मी सहाव्या पायरीवर थांबले.

औषधाच्या दुकानातल्या बाईंनी पट्टी बांधून दिली आणि खुणेने सांगितलं, एक्स-रे फोटो काढा. सुधाकरही तेच म्हणाला. मी म्हटलं, "मुरगळलाय. दोन दिवसांत उतरेल."

मी मजेत

दुसऱ्या दिवशी रविवार. मी टेबलाशी बसले, टेबलाखाली पाय दुसऱ्या खुर्चीवर, त्यावर गोठवलेल्या मटारची पिशवी. सुधाकरला आधीच दम दिला होता की एक अक्षर बोलायचं नाही. अण्णा उगाच काळजी करतील.

त्या दिवशी अण्णांचा पूर्ण चेहरा दिसला. फोन दुसऱ्या कुणीतरी धरला होता. मागे येरवड्याच्या हॉलचा निळ्या चौकड्यांचा पडदा होता.

"आवाज का बसलाय, अण्णा?"

"सर्दी. तुझं काय?"

"मी मजेत. काल खूप चाललो."

"मीही मजेत," अण्णा म्हणाले. "चालत राहा."

मंगळवारी आम्ही सकाळचा चहा घेत होतो तेव्हा मिलिंदचा फोन आला. "ताई, अण्णा गेले." आदल्या संध्याकाळी जरा दम लागला म्हणून दवाखान्यात नेलं होतं, झोपेतच गेले, काही त्रास झाला नाही. अंत्यसंस्कारासाठी नंदाची वाट पाहू नका, असं अण्णांनीच सांगून ठेवलं होतं. म्हणून कुणी थांबलं नाही.

गुरुवारी सकाळी आम्ही पुण्यात उतरलो. घोटा इतका सुजला होता की मी सुधाकरचा बूट घातला होता. चाकाची खुर्ची मागवू म्हणून तो दोन विमानतळांवर माझ्याशी भांडला. मी नाही म्हटलं. बाप गेलेला, भाऊ न्यायला आलेला आणि मी खुर्चीतून बाहेर येऊ? मिलिंदने माझ्या पायांकडे पाहून विचारलं, "काय झालं?"

"बूट चावतोय," मी म्हटलं.

आपल्यापेक्षा दोन नंबर मोठा बूट चावत कसा असेल, हे त्याला त्या दिवशी सुचलं नाही. मलाही नाही.

उठताना

आमचं घर बौद्ध. माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्याकडे जन्म असो वा मृत्यू, त्रिसरण आणि पंचशील म्हटल्याशिवाय काही होत नाही. रविवारी अण्णांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. सतरंजीवर सगळे पांढऱ्या कपड्यांत बसलेले, समोर अण्णांचा फोटो आणि मेणबत्त्या. मुलीने खुर्चीवर बसावं हे मला पटेना. खाली बसले, उजवा पाय दुमडला, त्यावर साडीचा घोळ पसरला आणि ओठ दाबून धरले.

भंतेजी सांगत होते आणि आम्ही त्यांच्यामागून म्हणत होतो. पाचांतलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. लहानपणापासून हजारदा म्हटलेलं. त्या दिवशीही मी ते स्पष्ट, खणखणीत म्हटलं. माझ्या पलीकडे मिलिंद बसला होता. त्यानेही खणखणीत म्हटलं.

कार्यक्रम संपला, मी उठायला गेले आणि घोट्यातून कट्‌ असा आवाज आला. पुढचं मला आठवतं ते आईचं वाक्य. "हिला धरा रे."

कशाला?

सोमवारी एक्स-रे. डॉक्टर तरुण होते, माझ्या शेवटच्या बॅचच्या मुलांएवढे. त्यांनी फोटो उजेडापुढे धरला, मग माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, कधी पडलात?"

"नऊ दिवस झाले."

"आणि हे नऊ दिवस?"

"चालत होते."

डॉक्टरांनी सुधाकरकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "कशाला?"

इतका नेमका प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता.

हाड पोर्तोत मोडलं होतं. तेव्हाच प्लास्टर घातलं असतं तर कदाचित तेवढ्यावर निभावलं असतं. चालून चालून ते सरकलं होतं आणि आतला सांधा घासला गेला होता. आता ऑपरेशन करून धातूची पट्टी आणि स्क्रू बसवायचे. मी विचारलं, "चालता येईल ना?"

"सहा आठवडे पाय टेकवायचा नाही. तीन महिन्यांनी फोटो काढू. सांधा नीट बसला असेल तर चालाल. नसेल तर दुसरं ऑपरेशन करून तो जाम करावा लागेल. मग सपाटीवर चालाल. पायऱ्या आणि चढ फार जमणार नाहीत."

अर्धं जग चढावर वसलेलं आहे, हे भूगोलाच्या बाईंना कुणी सांगायला नको होतं. मला पहिल्यांदा खरी भीती वाटली ती त्या क्षणी. इतक्या लांबच्या विमानप्रवासानंतर पोटरीत गुठळी तर नाही ना, म्हणून लगेच सोनोग्राफीला नेलं. ती निघाली नाही. त्या दिवसातली तेवढी एकच चांगली बातमी, आणि मी तिला घट्ट धरून बसले.

दहापैकी किती?

सूज उतरल्याशिवाय ऑपरेशन करता येत नव्हतं. चार दिवस पाय उंचावर टांगून पडायचं. खोलीत दोन खाटा, मध्ये पडदा. पलीकडे सोनाबाई. त्या खडकवासल्याच्या पलीकडच्या एका गावच्या, सत्तरीच्या. म्हशीने ढकललं आणि खुबा मोडला.

दवाखान्याचा दिवस फार लवकर सुरू होतो आणि मग संपतच नाही. पहाटे अंग पुसणं, चहा, रक्तदाब, उपमा, मग डॉक्टरांची फेरी. फेरीत ठरलेला प्रश्न. दुखणं दहापैकी किती?

"दोन," मी सांगायची. कधी फार झालं तर तीन.

पडद्यापलीकडून उत्तर यायचं, "धा? आरं बाबा, पंधरा हाय पंधरा! आई आई गं!" नर्स धावत जायची आणि सोनाबाईंना इंजेक्शन मिळायचं. अर्ध्या तासात त्या घोरायला लागायच्या. मी इकडे छताकडे बघत दात आवळून पडलेली. मनात म्हणायची, काय ही बाई! जरा काही धरबंध?

तिसऱ्या दिवशी त्यांनी पडदा बाजूला सारला.

"बाई, तुमी मास्तरीन ना?"

"हो."

"मंग दोन कशापायी सांगता? सकाळधरनं कन्हताय, म्या ऐकतीय न्हवं. दुखतंय तर दुखतंय म्हनावं. डाक्टरला काय सपान पडतंय व्हय?"

साठी उलटलेल्या शिक्षिकेला असं कुणी खाटेवरून शिकवलं की राग येतो. पण दुसऱ्या दिवशीच्या फेरीत डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "सात." आवाज चोरट्यासारखा आला. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"आणि इतके दिवस?"

"तेव्हाही सातच."

त्यांनी मान हलवली आणि औषध बदललं. त्या दुपारी मी अशी झोपले की भेटीची वेळ कधी आली आणि गेली ते कळलं नाही. उठले तेव्हा उशाशी आईने पाठवलेली मुगाची खिचडी होती. गार झाली होती. तिच्याएवढं चांगलं मी कित्येक दिवसांत काही खाल्लं नव्हतं.

निळा पडदा

ऑपरेशन झालं. दिवसा माझ्याजवळ मिलिंदची बायको संगीता असायची. मला तिचं फार कौतुक वाटे. गरम पाणी कुठे मिळतं, कुठली लिफ्ट मध्येच अडकते, कँटीनमधला उपमा किती वाजता संपतो, तिला सगळं तोंडपाठ. मी मनात म्हणायची, काय हुशार बाई आहे, चार दिवसांत सगळं शिकली.

एका सकाळी फरशी पुसणाऱ्या मावशी दारात थबकल्या. "अगंबाई, तुम्ही परत इकडं? आजोबा बरे झाले का?"

संगीताने माझ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"किती दिवस होते अण्णा इथे?" मी विचारलं.

"आठ," ती म्हणाली.

मग सगळं बाहेर आलं. छातीत पाणी झालं होतं. अण्णांनी पहिल्याच दिवशी मिलिंदला बजावलं होतं, नंदाला सांगायचं नाही, सांगितलंस तर ती निघून येईल, पोरगी आयुष्यात पहिल्यांदा फिरतेय. त्या रविवारी कॉलच्या वेळी संगीताने घरून हॉलचा पडदा काढून आणला, खाटेमागे स्टुलावर उभी राहिली आणि दोन्ही हातांनी तो धरून ठेवला. दवाखान्याची भिंत दिसू नये म्हणून.

"वीस मिनिटं, ताई," ती रडत म्हणाली. "हात भरून आले माझे. आणि तुमचं बोलणं काही संपेना."

त्यावर मला हसू आलं, आणि हसता हसता मी जी रडायला लागले ती थांबेना. इकडे माझ्या टेबलाखाली मटार आणि तिकडे त्यांच्या मागे पडदा. बापाशी माझं शेवटचं बोलणं, आणि ते दोन्हीकडून खोटं. हे मला फार लागलं. आजही लागतं. त्यावर औषध नाही, म्हणून इथे उगाच शहाणपणाचं काही लिहीत नाही.

संध्याकाळी मिलिंद आला. मी म्हटलं, "तू मला सांगायला हवं होतंस."

"अण्णांनी शपथ घातली होती."

"आठ दिवस, मिलिंद! मी आले असते. बसले असते त्यांच्याजवळ."

"हो ना? आणि तू? मोडक्या पायावर उभी राहून मला म्हणालीस, बूट चावतोय. चार दिवस माझ्यासमोर लंगडत होतीस. तुला लपवता येतं आणि मला नाही?"

सुधाकर खिडकीशी उभा होता. तो सहसा आमच्या भांडणात पडत नाही. पण त्या दिवशी म्हणाला, "तुमच्या घरात सगळेच शूर आहेत. एकाने जरी वेळेवर बोंब मारली असती तर बरं झालं असतं. आणि मीही मूर्ख, हिचं ऐकलं."

पडद्यापलीकडून आवाज आला, "भांडून झालं आसंल तर कुनीतरी मला पानी द्या." मिलिंदने उठून पाणी दिलं. परत येऊन तो बसला तो माझ्या खाटेवर.

तीन भोकं खाली

आमच्या फ्लॅटमध्ये भाडेकरू. त्यामुळे दवाखान्यातून आम्ही येरवड्याला गेलो आणि मला अण्णांची खोली मिळाली, अण्णांची खाट मिळाली आणि अण्णांचा वॉकर. अण्णा उंच होते. सुधाकरने वॉकरच्या पायांची बटणं दाबून तो तीन भोकं खाली केला आणि माझ्यापुढे ठेवला. मुठींवरचं रबर त्यांच्या हाताने झिजलेलं होतं. मी तिथेच धरलं. एका पायावर टुणटुण करत संडासापर्यंत जायला मला पाच मिनिटं लागत. दोन खोल्या आणि एक हॉल, त्यात आम्ही पाच माणसं. सुधाकर हॉलमध्ये झोपे आणि मिलिंदच्या घोरण्याची तक्रार मला येऊन सांगे. संगीता माझे केस धुऊन द्यायची. नणंदेने भावजयीकडून अशी सेवा करून घेताना जो संकोच होतो तो मला पुरेपूर झाला. पहिल्या आठवड्यानंतर तोही गळून पडला.

एकदा जेवताना आई म्हणाली, "आता या घरात दुखलं तर बोलायचं. लपवाछपवी बास." आई ब्याऐंशीची. तिचा हुकूम मोडायची कुणाची छाती नाही. मग काय विचारता! मिलिंदला ॲसिडिटी होती. संगीताची मान धरत होती. सुधाकरच्या दाढेचं तर आम्हाला वर्षभर माहीतच नव्हतं. रोज रात्रीच्या जेवणाला दुखण्यांचा वर्ग भरू लागला. एकटी आई काही बोलायची नाही. विचारलं की म्हणायची, "मला काय धाड भरलीय?" अण्णांच्या ताटाची जागा ती रोज हाताने पुसून घ्यायची आणि आमच्या तक्रारी ऐकायची.

सहा आठवड्यांनी पाय टेकवला. पहिल्या दिवशी तो माझा वाटेना. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीला मी दर वेळी खरा आकडा सांगितला. आठ. मग सहा. मग पाच. पण माझं सगळं लक्ष तीन महिन्यांनंतरच्या त्या एका फोटोकडे. भूगोलाची पुस्तकं सुधाकरने मिलिंदकडे ठेवलेल्या आमच्या खोक्यातून काढून दिली होती, मी ती उघडली नाहीत. नकाशा बघवत नव्हता.

बसलाय

फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडापुढे धरला आणि तिरका करून पुन्हा पाहिला. सुधाकरचा हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर होता.

"बसलाय," डॉक्टर म्हणाले.

"काय?"

"सांधा बसलाय, मॅडम. छान बसलाय. खरं सांगायचं तर मला वाटलं नव्हतं. दुसरं ऑपरेशन नाही. आता चाला."

"चढावर?"

"चढावरही. दुखेल थोडं. कदाचित कायमचं. दुखलं की थांबायचं."

छातीवर ठेवलेलं जातं कुणीतरी उचलून नेलं. बाहेर येऊन सुधाकर बाकावर बसला आणि रुमालात तोंड घालून रडला. मग त्याने एकामागून एक दोन वडापाव खाल्ले, दुखऱ्या दाढेने. रिक्षा केली आणि घरी आलो. मिलिंदचं घर पहिल्या मजल्यावर. सोळा पायऱ्या, तीन महिने मी त्या खुर्चीत बसून, शेजारच्या चौघांच्या हातांवर चढले-उतरले होते. त्या दिवशी कठडा धरून एकेक करत चढले. वर आई दारात उभी होती. तिने सुधाकरच्या हातातून वॉकर घेतला, बटणं दाबून त्याचे पाय परत तीन भोकं लांब केले आणि अण्णांच्या खाटेमागे भिंतीला लावून ठेवला.

सोनाबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "म्या चालतीय. म्हस इकली न्हाई. तिचा काय दोस?"

रविवार

भाडेकरूंचा करार अजून बाकी होता, आणि दीड वर्षातलेही काही महिने. निघावं की नाही, यावर घरात खल झाला. या वेळी उघडपणे झाला. मिलिंदने अट घातली, "बूट चावला तर तेव्हाच सांगायचं." मी अट घातली, "पडदा घरीच राहील."

हे मी जॉर्जियात तिबिलिसीला बसून लिहिते आहे. हेही गाव चढाचं. घोट्यात आता पट्टी आणि सात स्क्रू आहेत, त्यामुळे विमानतळावर कुकरबरोबर माझ्याबद्दलही बरंच सांगावं लागलं.

गेल्या रविवारी फोन वाजला तेव्हा आम्ही एक चढ अर्धा चढलो होतो. आईने फोन स्वतः लावला होता. मला तिचं कपाळ आणि वरचा पंखा दिसत होता.

"बोल, आई. कशी आहेस?"

"गुडघे धरलेत," आई म्हणाली. "डाव्या कानात सारखं घूं घूं होतं. संगीता भाजीत मीठच घालत नाही. आणि तुझ्या बापाची आठवण येते गं. दुपारी घर खायला उठतं. जेवण जात नाही मला."

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. मला भरून आलं आणि त्याच वेळी इतकं हलकं वाटलं की काय सांगू. मी म्हटलं, "मिलिंदला सांगितलंस?"

"सांगितलं. उद्या डॉक्टरकडे नेतोय. कान दाखवायला." मग तिने विचारलं, "तुझा पाय कसा आहे?"

मजेत म्हणणार होते. शब्द ओठांवर आला होता.

"दुखतोय, आई. चढावर दुखतो."

"मग उभी कशाला आहेस? बस की जरा."

मी तिथेच पायरीवर बसले.